नळाचा दिवस, ओपीडीचा दिवस

गेटाबाहेर साडेआठलाच ऊन चटका द्यायला लागलंय. बसस्टँडवरून भरून आलेल्या रिक्षा गेटाशी थांबतात, माणसं उतरवतात, तशाच वळतात. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पिशवी. कापडदुकानाची, बियाण्याची, सराफाची. आत जुने केसपेपर, एक्स-रे, सोनोग्राफीचे रिपोर्ट, पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी. पोह्याच्या गाड्यावर उलथनं खडखडतंय. केळीवाल्याभोवती माश्या. छत्रपती संभाजीनगरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात सकाळी निम्मं शहर असतं आणि निम्मा मराठवाडा.

आत शिरलं की केसपेपरची रांग. बायांची वेगळी, पुरुषांची वेगळी. वर पत्रा, खाली फरशी, दोन्ही तापायला लागलेत. भिंतीवर क्यूआर कोडचा कागद चिकटवलाय. मोबाइलवर स्कॅन करा, टोकन घ्या, रांग टाळा. कॉलेजातली पोरं स्कॅन करून सटकन पुढं सरकतात. रांगेत उरतात ती बटणाच्या मोबाइलवाली माणसं.

खिडकीमागचा कारकून मान वर न करता विचारतो, “नाव? वय? गाव? कुठं दाखवायचं?”

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं खणखणीत येतात. चौथ्याला आवाज खाली जातो.

“डोक्याचं,” माझ्या पुढचा माणूस म्हणतो.

“डोक्याला काय झालं? मार लागला?”

“नाय. झोपच नाही येऊ राहिली.”

“मग मानसोपचार म्हणा ना. एकवीस नंबर.”

काचेपलीकडून बोलायचं म्हणजे मोठ्यानंच बोलावं लागतं. रांगेतल्या चार माना वळतात. तो माणूस केसपेपर दुमडतो, पुन्हा दुमडतो, चार घड्या करून शर्टाच्या वरच्या खिशात कोंबतो आणि निघतो. कारकुनाचं काही चुकलंय असंही नाही. दुपारपर्यंत त्याला शेकड्यानं कागद काढायचेत.

एकवीस नंबर लगेच सापडत नाही. लांब व्हरांडा. कडेला पथाऱ्या पसरून नातेवाईक झोपलेत. वॉर्डात पेशंट, बाहेर त्याचं घर. स्टोव्ह नाही, एवढंच. बाकी बादली, चादर, देवाचा फोटो, सगळं आहे. फिनाइलचा वास येतो, मग रक्ततपासणीची गर्दी येते, मग हाडांचा विभाग, तिथं काठ्या आणि प्लास्टरं. रस्ता विचारला तर वॉर्डबॉय हसून हात दाखवतो. “येड्याचा दवाखाना ना? सरळ जाऊन डावीकडं.” तो हे वाईट मनानं म्हणत नाही. पण ज्यानं विचारलं तो पोरगा, विशी-बाविशीतला, पाच पावलं जाऊन थबकतो. सोबतचा मामा त्याच्या दंडाला धरून पुढं ओढतो.

एकवीस नंबरच्या बाहेर तीन लोखंडी बाकं आणि तिप्पट माणसं. एक पंखा फिरतोय, दुसऱ्याच्या फक्त पात्या आहेत. पिण्याच्या पाण्याच्या टाकीमागं अर्धवट झाकलेलं एक पोस्टर: टेलिमानस, १४४१६, चोवीस तास, मोफत. ऑक्टोबर २०२२ पासून ही हेल्पलाइन देशभर चालू आहे, मराठीतही बोलता येतं. पोस्टरखाली बसलेल्या बाईला विचारतो, कधी लावून पाहिला का? ती आधी माझ्याकडं बघते, मग पोस्टरकडं. “फोन मालकाकडं असतो. अन् घर एका खोलीचं. बोलू कुठं?”

इथं एकटं कुणी आलेलं नाही, किंवा फार थोडे. बहुतेक पेशंटना सोबत लागते. हात धरायला, रांगेत उभं राहायला, डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात ठेवायला. म्हणजे एका पेशंटमागं दोन खाडे.

सोयगावकडचं एक जोडपं भिंतीला टेकून बसलंय. सोयगाव याच जिल्ह्यात, पण अजिंठ्याच्या घाटापलीकडं, शंभरेक किलोमीटर. पहाटेच्या गाडीनं निघालेत. बायकोच्या डोळ्यांखाली काळं झालंय, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते. नवरा बोलका आहे. त्याचं तिकीट पूर्ण, तिचं अर्धं. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून ती स्वतः यायला लागली. “आधी मी एकटाच येऊन गोळ्या नेत होतो. डॉक्टर म्हणायचे, पेशंटला आना. कसं आनायचं?” मानसिक आरोग्याच्या कुठल्याही धोरणात एसटीच्या अर्ध्या तिकिटाचं कलम नाही. पण ही बाई त्याच्याच जोरावर या बाकापर्यंत पोचलीय.

तो बोटावर हिशोब मांडतो. दोघांची मजुरी गेली. रोजगार हमीवर राज्यात २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता, शेतातल्या कामाला गावागावानुसार कमी-जास्त. दीड तिकीट जायचं, दीड यायचं. स्टँडवरून रिक्षा. दोन चहा. शेळ्या शेजाऱ्याकडं सोडल्यात, त्याचं काही देणं नाही, पण त्याच्याही शेळ्या कधीतरी सांभाळाव्या लागतील. केसपेपरचे पैसे तो हिशोबात धरतच नाही. डॉक्टरची फी नाही, गोळ्यांचे पैसे नाहीत, हे खरंच आहे. महागात पडतो तो दिवस.

२०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही हाच हिशोब निघाला होता. घरात मानसिक आजारी माणूस असेल तर उपचार आणि प्रवास मिळून महिन्याला हजार ते दीड हजार रुपये जातात. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण सोयगावच्या या माणसाची बोटं त्याच आकड्याजवळ येऊन थांबतात.

“चौदा!” आतून सिस्टर ओरडतात. चौदा नंबरवाला लघवीला गेलाय. पंधरा नंबरची आई लगबगीनं उठते. चौदा नंबरचा भाऊ दारात आडवा होतो. थोडा वाद. सिस्टर दोघांनाही आत घेतात.

खिडकीशी वाळूजचा एक कामगार उभा आहे. बसत नाही. पायात सेफ्टी बूट, पँटीवर तेलाचे डाग, डोळे लाल. रात्रपाळी करून सरळ इकडं आलाय. कंपनी मोठी, पण हा ठेकेदाराकडचा. ठेकेदाराला मागच्या वेळी सांगितलं होतं ताप आहे म्हणून. दर महिन्याला ताप कसा सांगायचा, हा त्याच्यापुढचा प्रश्न आहे, म्हणून तो दर महिन्याला येत नाही. रात्रपाळी असेल त्या आठवड्यातच येतो. गोळीचं विचारलं तर तो दार लागलंय का बघतो आणि हळूच सांगतो, “रोज नाही घेत. गोळीनं गुंगी येती. मी पॉवर प्रेसवर असतो साहेब. हात गेला म्हणजे?” शनिवारी रात्री घेतो, रविवारी झोपून काढतो. आत गेल्यावर हे तो डॉक्टरांना सांगणार नाही. डॉक्टर रागावतील, असं त्याला वाटतं. मग डॉक्टर कागदावर लिहितील की गोळीचा गुण नाही, आणि गोळी वाढवतील.

त्याला म्हणतो, प्रेसचं तेवढं आत सांगा. तो मान हलवतो. सांगेल की नाही, माहीत नाही.

ऊन व्हरांड्यात हातभर आत आलंय. बाकावरची माणसं तेवढी मागं सरकतात.

मधल्या बाकावर किराडपुऱ्यातून आलेली एक आई आणि तिची मुलगी. मुलगी एकोणीस-वीसची. बुरख्याच्या बाहीतून तिची बोटं सारखी दुसऱ्या हाताचं मनगट चोळतात. आईच्या पिशवीतून प्लास्टिकची फाइल निघते. फाइलीत काय नाही? गल्लीतल्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या, सलाइनच्या पावत्या, तीन ईसीजी, थायरॉइडचा रिपोर्ट, एक सीटी स्कॅन, आणि शेवटच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेला तावीज. छाती धडधडते म्हणून हृदय पाहिलं. हातपाय गार पडतात म्हणून ताकदीची सलाइनं लावली. डोकं जड म्हणून स्कॅन काढला. सगळं नॉर्मल. “सब नॉर्मल बोलते जी. फिर बच्ची रातभर रोती कायकू?” आई विचारते. या फाइलीपायी हाताशी होतं ते सोनं मोडलंय. फुकटच्या दारापर्यंत येईतो घरातले पैसे संपले होते.

खुलताबादच्या दर्ग्यालाही त्या जाऊन आल्या. इथून पंचवीसेक किलोमीटर. त्याबद्दल आई दबून बोलत नाही, उलट तिचा चेहरा जरा सैल होतो. अख्खं घर गेलं होतं. गुरुवारी संध्याकाळी, नवरा कामावरून आल्यावर. खाडा नाही. नंबर नाही. कुठं दाखवायचं म्हणून काचेतून कुणी ओरडत नाही. पोरीच्या डोक्यावरून हात फिरला, तिथं बसून जेवले, रात्री परत. भगत, देवऋषी, बाबा यांच्याकडं गरीब माणूस जातो तो फक्त अडाणी म्हणून, असं शहरातल्या सुशिक्षितांना वाटतं. त्यांनी एकदा वेळापत्रक ताडून पाहावं. दवाखान्याची ओपीडी चालते ती नेमकी रोजंदारीच्या वेळेत.

सगळीच ठिकाणं अशी मऊ नसतात, हेही इथंच दिसतं. पलीकडच्या एका पोराच्या घोट्याभोवती जुना काळपट वळ आहे. साखळीचा. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं राज्यात गुन्हा आहे. वळ कुठला, ते त्याचा बाप सांगत नाही. मी विचारत नाही. घरात बाप एकटा, दिवसा कामाला जाणारा. पोरगा दोनदा हायवेवर सापडलेला. साखळी बाबाची असेल किंवा बापाचीही.

“शॉक नाही ना देणार?” पोराचा बाप मलाच विचारतो. सिनेमात पाहिलेलं त्याच्या डोक्यात आहे. भूल न देता शॉक देणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बंद केलंय, असं सांगतो. त्याला कायद्याशी देणंघेणं नाही. तो परत विचारतो, “पन देणार नाहीत ना?”

पोराला पुण्याला येरवड्यात ने, असं मागं कुणीतरी बापाला सांगितलं होतं. राज्यातली जुनी सरकारी मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही. पुण्यापर्यंत जीप करायची तर जीपवाल्यानं पेशंट कसला ते विचारलं आणि भाडं वाढवलं. मग तो गेलाच नाही. आज त्याला उपचारापेक्षाही दाखला हवाय. अपंगत्व चाळीस टक्के भरलं तर निराधार योजनेत नाव लागेल, एसटीत सवलत मिळेल. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात मानसिक आजार बसतो, हे त्याला गावातल्या ग्रामसेवकानं सांगितलं. दाखल्याचा वार वेगळा आहे, हे कुणी सांगितलं नाही. म्हणजे आणखी एक दिवस.

आत एका खोलीत दोन टेबलं. मध्ये पडदा आहे, पण तो बाजूला सारून ठेवलेला, कारण पंखा पलीकडं आहे. तरुण डॉक्टर, शिकाऊ, सकाळपासून पाणी प्यायला उठलेले नसावेत. ओठ कोरडे. समोर एक सून, मागं सासू उभी.

“झोप लागते का ताई? भूक? काय विचार येतात मनात?”

सून सासूकडं बघते. सासू उत्तर देते. “काही विचार नाही येत तिला. काम नको वाटतं.”

“मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?”

“मी कामून बाहेर? मीच तर आनलं तिला.”

आणि ते खरं आहे. तिनंच आणलंय. नवरा आलेला नाही. सासू गाडीभाडं घालून, गुडघे धरत, तीन तास उभी आहे. डॉक्टर दुसऱ्यांदा सांगतात तेव्हा ती दारापर्यंत जाते आणि तिथंच थांबते. डॉक्टर आवाज खाली आणतात. मरावंसं वाटतं का, हा प्रश्न हळूच विचारायचा असतो. पडदा नसलेल्या खोलीत तो दुसऱ्या टेबलालाही ऐकू जातो. सून खाली बघते. मग होकारार्थी मान हलते, इतकी थोडी की डॉक्टरांना परत विचारावं लागतं.

गावाकडं अजून पुष्कळांना वाटतं की असं काही बोललं तर पोलीस येतात. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हाच होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उलटं गृहीत धरलं: असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानायचं, शिक्षा नाही, उपचार द्यायचे. जुलै २०२४ मध्ये दंडसंहिता बदलली, तेव्हा ते जुनं कलमही राहिलं नाही. ही बातमी सासूपर्यंत पोचलेली नाही. सून काय बोलली, ते तिनं दारातून ऐकलंय. तिचा चेहरा उतरलाय. ती पुढं येऊन सुनेच्या खांद्यावर हात ठेवते आणि डॉक्टरांना म्हणते, “केस तर नाही ना होणार साहेब?”

डॉक्टर समजावतात. गोळी सुरू करतात. “गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. मध्ये बंद करू नका.” हे वाक्य ते सकाळपासून कितव्यांदा म्हणताहेत, त्यांनाच ठाऊक. चार दिवसांत ताप उतरलेला माणसाला दिसतो. ही गोळी आधी तोंड कोरडं करते, पोट बिघडवते, गुंगी आणते. बरं वाटणं मागून येतं. ज्याला परत यायला दोन खाडे पडतात तो माणूस पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकतो.

बाजूच्या छोट्या खोलीत समाजसेविकेचं टेबल. टेबलावर रजिस्टर. जे तारखेला आले नाहीत, त्यांना फोन करायचा आणि कारण लिहायचं. निम्मे नंबर लागत नाहीत. लागले त्यांची कारणं निळ्या शाईत एकाखाली एक. सोबत कुणी नाही. बरं वाटलं म्हणून बंद केल्या. पाहुणे येणार होते, मुलीला बघायला. कापूस वेचणी. ऊसतोडीला गेले.

ऊसतोडीला गेले म्हणजे सहा महिने गेले. बीडकडची, इकडचीही जोडपी दिवाळीच्या सुमाराला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती नवरा-बायको दोघांच्या नावानं, एक कोयता म्हणून. फडात एक दिवस खाडा झाला तर मजुरी जाते आणि वर दंडही बसतो. चक्कर येणाऱ्या, हात थरथरणाऱ्या बाईनं तिथं गोळी घ्यायची कधी आणि संपली तर आणायची कुठून? समाजसेविका म्हणतात, काही जणांना आम्ही निघताना जास्तीच्या गोळ्या देतो. सगळ्यांना देता येत नाहीत. जास्तीच्या गोळ्या घरात असणं हाही धोकाच आहे.

मग रजिस्टरात एक शब्द परत परत दिसतो. ‘नळ’. मी बोट ठेवतो.

“नळाचा दिवस होता, म्हणून नाही आले,” त्या म्हणतात, त्यात विचारण्यासारखं काय, अशा आवाजात.

इथं राहणाऱ्याला यात नवल नाही. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर आहे, पण शहरातल्या कितीतरी वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी, सहा दिवसांनी, आठ दिवसांनी पाळी. त्या दिवशी बाई घर सोडत नाही. पाणी आठला येईल म्हणतात, अकराला येतं. ड्रम, टाक्या, हंडे, कळश्या, शेवटी पातेलीसुद्धा भरायची. तो दिवस हुकला तर पुढचा आठवडा टँकरच्या मागं. नैराश्यानं गळून गेलेली बाईही त्या दिवशी उठते आणि पाणी भरते. दवाखान्याची तारीख आणि नळाची तारीख एकच आली तर कुठली पाळायची, यावर घरात चर्चाही होत नाही.

टेबलापलीकडं फुलंब्रीकडच्या एक आशाताई बसल्यात. गावातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोला घेऊन आल्यात, स्वतःचा दिवस मोडून. २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प चालतो. आशांनी घरोघरी जाऊन झोप, भूक, उदासी विचारायची. आशाताईंची पद्धत त्यांची स्वतःची आहे. “मी पहिले पाळण्यातल्या पोराचं विचारते. मग म्हणते, काय वहिनी, लई टेन्शन दिसतंय. तेवढ्यानं रडायलाच लागतात.” फॉर्म मागून भरतात.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत असाच एक प्रयोग झाला होता. गावातल्याच माणसांना शिकवलं, त्यांनी घरोघरी जाऊन बोलायचं, आणि डॉक्टर गावाजवळ आणले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते. दीड वर्षात २७.२ टक्के झाले. तिथंही लोक तेच होते, देव-देवस्की तीच होती. अंतर कमी झालं आणि दारात ओळखीचं माणूस आलं. आशाताईंना हा आकडा सांगितला तर त्या म्हणतात, “होईल ना. पण मला याचे पैसे कोण देणार?”

सरकारी कागदावर वाट लांबची नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. तालुक्याच्या दवाखान्यात ठरल्या वारी पथक जायचं, जवळच गोळ्या द्यायच्या. तो वार पाळला गेला की सोयगावचं जोडपं अजिंठा घाट चढत नाही. पण देशात लाखामागं एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, पाऊणच्या आसपास आहेत, आणि आहेत ते शहरात. बारा राज्यांच्या त्या सर्वेक्षणात नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातल्या पंच्याऐंशी जणांना उपचारच मिळालेले नव्हते. बाहेर परत बाकांकडं बघतो. ही घामेजलेली, केसपेपरानं वारा घेणारी गर्दी म्हणजे उरलेले पंधरा.

साडेबारा. औषधाच्या खिडकीशी रांग वळसा घालून जिन्यापर्यंत गेलीय. इथं सगळ्या विभागांची माणसं एकत्र, त्यामुळं कुणी कुणाला ओळखत नाही, आणि एकवीस नंबरच्या माणसांना हे बरं वाटतं. पुढं सरकणं मिनिटाला पाऊलभर. लहान पोरं फरशीवर आडवी झालीत. खिडकीतून गोळ्यांच्या पट्ट्या येतात, कात्रीनं कापलेल्या. वर पेननं खुणा: एक आडवी रेघ सकाळची, दोन रेघा रात्रीच्या. वाचता न येणाऱ्याची सोय.

सोयगाववाल्याला तीनपैकी दोन मिळाल्या. तिसरीवर गोल केलाय. “ही बाहेरून घ्या.” यादीतली औषधं सरकारी दवाखान्यात कायम फुकट मिळालीच पाहिजेत, असं २०१७ चा कायदा सांगतो. तो गेटाबाहेरच्या मेडिकलवर जातो, महिन्याच्या गोळ्यांची किंमत विचारतो, खिसा चाचपतो आणि म्हणतो, “दहा द्या.” उरलेल्या वीस दिवसांचं नंतर बघू. आता दीडची गाडी गाठायचीय.

मी परत आत येतो. खिडकीशी मुकुंदवाडीची एक मावशी उभी आहे. चार घरची धुणीभांडी करते. हातात पट्ट्या, त्या ती मोजतेय. परत मोजते.

“दादा, ह्या पंधरा दिवसांच्या हायेत.”

“तारीख पंधरा दिवसांचीच दिलीय ना तुम्हाला. गुरुवारी यायचं.”

“गुरुवारी माझा नळ हाये.”

“मग शुक्रवारी या.”

“शुक्रवारी गोळ्या नसतील. अन् शुक्रवारी मॅडमकडं पाहुणे हायेत, सुट्टी नाही देणार. सोमवारी येते. चार दिवसांच्या वाढवून द्या.”

“मला नाही वाढवता येत मावशी. डॉक्टरांकडून लिहून आणा.”

“परत तिकडं?”

“परत तिकडं. एक वाजता खिडकी बंद होईल, तेवढं बघा. पुढचे या.”

मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघते. बारा पंचेचाळीस. मागच्या बाईला म्हणते, “माझा नंबर धर गं बाई, आलेच.” मागची बाई म्हणते, “जा, जा, मी हाये.” आणि मावशी पदर खोचून एकवीस नंबरकडं चालू लागते.